नवसाबाईची नजर

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

त्र्यंबकचा तीन दिवसांचा विधी आज दुपारी आटोपला. नेसलेलं लुगडं तिथंच सोडून यायचं असतं, ते सोडलं. यांचं धोतर सोडलं. गुरुजी म्हणाले, "आता मुलगा मार्गाला लागला. मागे वळून बघायचं नाही." मी मान डोलावली. लुगडं सुटलं, धोतर सुटलं, हर्षल काही सुटला नाही. पंचवीस वर्षं वाढवलेला मुलगा तीन दिवसांत सुटतो होय!

हे लगेच पिकअप घेऊन मखमलाबादला निघाले. शेवंतीचा तोडा चालू आहे, माल पहाटे फुलबाजारात पोचायला हवा. मला म्हणाले, "तू पण चल की." मी म्हटलं, येते मागून एसटीने. खरं तर मला त्या घरात जायचंच नव्हतं. जिथे त्याची मोटारसायकल उभी असायची तिथे आता फुलांच्या जाळ्या रचून ठेवल्यात. ऑगस्टमध्ये अंबडच्या कंपनीतून कामावरून येताना ट्रकखाली गेला. मला चेहरा पाहू दिला नाही. "वहिनी, नका पाहू," असं कुणीतरी म्हणालं आणि चार जणांनी मला धरून ठेवलं. चौघेही चांगली माणसं. एकालाही मी माफ केलेलं नाही.

कुंभमेळ्यासाठी रस्ता खणून ठेवलाय, म्हणून एसटी डोंगराच्या कडेने आडवाटेला घातली आणि ती तिथेच बंद पडली. समोर एक कौलारू लॉज. पाटी नाही, रंग नाही, पण आत गर्दी. मालक साठीचा, डोक्याला मफलर, नाव कारभारी. म्हणाला, "ताई, दुसरी गाडी सकाळी. मुक्काम करा. दिवेलागणीला आमच्याकडं सोंगं असत्यात, जीव रमंल."

लहानपणी मामाच्या गावी बोहाड्याची सोंगं पाहिली होती. मुखवटे, टेंभे, संबळ. तसलंच काहीतरी असेल म्हणून अंगणात जाऊन बसले. पण इथे मुखवटाच नाही. सटाण्याचा दत्तू नावाचा एक कांदेवाला उठला आणि त्याने आपले वारलेले वडील मागितले. एक तरुण पोरगा घोंगडी पांघरून मधोमध बसला. संबळ वाजलं, घोंगडी ओढली, तर आत म्हातारा! पांढऱ्या मिशा, एक डोळा अधू. म्हणाला, "काय रे दत्तू, कांदाना भाव काय शे?" सगळे हसले. दत्तू हसता हसता रडायला लागला. बापाशी पोटभर बोलला आणि शेवटी पायाला हात लावून म्हणाला, "दमले तुम्ही. आता उतरा." म्हातारा गेला, पोरगा घाम पुसत पाणी प्यायला.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आमची सासू म्हणायची. तिने हे सोंग पाहिलं नव्हतं. 

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी गाडी आली. मी चढले नाही. यांना फोनवर सांगितलं, पाय सुजलेत.

संध्याकाळी उठून उभी राहिले आणि म्हटलं, माझा मुलगा हवा. हर्षल. कारभारीने जवळ येऊन हळूच विचारलं, "ताई, शेवटी 'उतर' म्हणता यील ना? सोंग मागणाराच्या तोंडानं चढतं आन् त्याच्याच तोंडानं उतरतं. दुसऱ्या कुणाला उतरवता येत नाय."

"येईल की," मी म्हटलं. भाजीवाल्याला "पिशवी आहे" सांगावं तितक्या सहज म्हटलं.

घोंगडी ओढली. निळा टीशर्ट. कपाळावर आलेली बट. सगळा चेहरा शाबूत, कुठे ओरखडा नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मम्मे, किती रडतेस! नाक बघ, टोमॅटो झालंय." मम्मे असं मला जगात एकच माणूस म्हणायचं.

मग संबळ थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दमलास, आता उतर. तीनच शब्द. पण ते मी म्हटलेच नाहीत. मी त्याचा हात धरला आणि त्याला माझ्या खोलीकडे घेऊन निघाले. कुणी अडवलं नाही. कारभारीने फक्त हातातला टेंभा खाली केला. स्वयंपाकघराच्या दारात इथली स्वयंपाकीण उभी होती, नवसाबाई म्हणतात तिला. तोंडावर पदर धरून बघत होती. बघ म्हटलं, डोळे भरून बघ.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज तिसरा दिवस आणि मी अजून जमिनीवर नाही. सकाळी त्याच्या डोक्याला तेल लावलं. कुरकुरला, तरी लावून घेतलं.

थोडा बदललाय. जेवताना उकिडवा बसतो. आमच्याकडे टीव्हीसमोर खुर्ची लागायची साहेबांना! नागलीच्या भाकरीला नाक मुरडायचा, तो आता नवसाबाईच्या हातच्या तीन-तीन खातो. मी मनाशी म्हटलं, जाऊन आलेलं माणूस, काही ना काही बदलणारच. ऊसतोडीला सहा महिने जाऊन आलेली माणसंसुद्धा बदलतात.

कारभारीला विचारलं, घरी घेऊन जाऊ का? म्हणाला, "फाटकाच्या बाहेर सोंग टिकत नाय ताई." मग मीच इथे राहीन. त्यात काय!

कुणाचं पोरगं घोंगडीत बसलं होतं, नाव काय, हे मी विचारलेलं नाही. मला त्याच्याशी काय करायचंय? ते त्याचं काम आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज मागच्या आंब्यावर सरसर चढला आणि मधाचं पोळं काढून आणलं. माशा अंगावर बसल्या, एकही चावली नाही. मी खालून ओरडत होते. म्हटलं, हे कधी शिकलास? नुसता हसला. कंपनीतल्या मित्रांबरोबर अंजनेरीला जायचा दर रविवारी, तिथेच शिकला असेल. आईला काय सांगतात ही मुलं?

पोळ्यातला पहिला तुकडा मला न देता स्वयंपाकघरात गेला. तिथून "आई, मध" असा आवाज आला. मला कधीच आई म्हणायचा नाही. मी इकडे अंगणात होते, त्याला वाटलं असेल मी चुलीपाशी आहे. मी धावत गेले. नवसाबाईच्या हातातून पिठाची परात पडली होती आणि ती खाली बसून पीठ गोळा करत होती, डोळ्यांत पाणी. परात पडली म्हणून कुणी रडतं का! मी त्याला म्हटलं, "मी इथे आहे रे राजा." त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर असं पाहिलं, जणू मी कोण ते त्याला आठवतच नव्हतं. मग म्हणाला, "हां मम्मे."

मध गोड होता. पण मला काही तो गेला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फाटकापाशी एक म्हातारा बसलेला असतो. कोट, काळी टोपी. येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "बबन आला का?" मला वाटायचं, वेडा आहे. आज कारभारी त्याला भरवत होता, म्हणून विचारलं.

"हे सोंग हाय ताई," तो म्हणाला. "बबन म्हणून एक गिऱ्हाईक आलं व्हतं. त्यानं बाप मागितला. बाप बघून घाबरला का काय, 'उतर' न म्हणताच पळून गेला. बारा वर्षं झाली. आत माझा थोरला भाऊ हाय."

"मग तुम्ही शोधलं नाही त्याला?"

"लय शोधला. म्हणून तर हे लॉज चालू ठेवलंय. कधीतरी यील परत."

 पण त्या बबनमध्ये आणि माझ्यात फरक आहे. तो पळून गेला. मी कुठे पळतेय? मी तर इथेच बसलेय. कारभारी जाता जाता म्हणाला, "ताई, तुमचंबी बघा जरा." मी म्हटलं, बघते. उद्या-परवा बघते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हे आले. कुणीतरी पत्ता दिला असणार. मी काही बोलायच्या आत ते अंगणात गेले आणि त्याच्या समोर उभे राहिले.  खाली बसले, त्याचे दोन्ही हात हातात घेतले, बराच वेळ बसून राहिले. तो पप्पा म्हणाला तेव्हा यांनी डोळे मिटले.

मला वाटलं, झालं, आता हेही इथेच राहतील. पण मला बाजूला नेऊन म्हणाले, "उज्वला, त्याचे हात बघितलेस? आपला पोरगा मशीनचं बटण दाबायचा. या हातांना कुऱ्हाडीचे घट्टे आहेत."

"असतील. मग?"

"मग हा कोणाचा तरी आहे. कोणीतरी याची पण वाट बघत असेल."

"मी बघितली ना वाट! मला कुणी आणून दिला माझा?" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की नवसाबाई चुलीवरून उठून दारात आली. मी यांना नाही नाही ते बोलले. तुम्हाला शेवंती प्यारी, तुम्ही चौथ्या दिवशी बाजारात गेलात, तुम्हीच त्या चौघांतले एक. हो, यांनीही मला धरून ठेवलं होतं. आज पहिल्यांदा तोंडावर म्हटलं.

ते वळून बाहेर गेले. फाटकाबाहेर पिकअपमध्ये बसून रडत होते. मला वरच्या खिडकीतून दिसत होतं. मी खाली गेले नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

त्याचं काहीतरी बिनसलंय. दोन दिवस धड जेवत नाही. अंग गरम लागतं. झोपेत हुंदके देतो. दिवसा उंबऱ्यावर बसून कधी डोंगराकडे बघतो, कधी चुलीकडे. हाक मारली तर दोन-तीन वेळा मारावी लागते. आज तर मी हर्षल म्हटल्यावर आपल्यामागे दुसरं कुणी आहे का, असं त्याने वळून बघितलं.

कारण मला कळलंय. ती नवसाबाई. भाकरी थापता थापता त्याच्याकडे बघते, पाणी भरता भरता बघते. तो अंगणातून गेला की तिची मान त्याच्यामागे फिरते. काल त्याच्या गालाला हात लावायला गेली होती. मी बघतेय म्हटल्यावर हात मागे घेतला. चांगलं धडधाकट पोर बघून एखादीचे डोळे फिरतात. आमच्या आळीत अशी एक होती. तिने नुसतं "किती छान गं" म्हटलं की गुलाबाचा ताटवा करपायचा.

आज तिला स्पष्ट विचारलं, "तुझं काय आहे गं त्याच्याशी?"

खाली मान घालून म्हणाली, "काय नाय बाई. तो दमलाय. लय दमलाय. तुमी म्हणा ना आता."

"दमायला काय झालंय त्याला? दृष्ट लागलीय त्याला, दृष्ट!"

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. काहीतरी बोलायचं असून बोलत नाही, असं तिचं तोंड दिसतं नेहमी. मनात काळंबेरं असलं की असंच होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज शनिवार. दृष्ट काढायला चांगला वार. तिन्हीसांजेला स्वयंपाकघरात गेले आणि मीठ, मोहरी, लाल मिरच्या मागितल्या. नवसाबाईने विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, दृष्ट काढायची आहे पोराची. तिने स्वतःच्या हाताने मिरच्या निवडून दिल्या, देठासकट, सगळ्यांत मोठ्या. चुलीतले निखारे शेगडीत काढून दिले. वर म्हणते, "काढा बाई, लवकर काढा. पोर पार सुकलंय." किती साळसूदपणा!

त्याला पाटावर बसवलं. मुठीत सगळं घेऊन डोक्यापासून पायापर्यंत उतरवलं. आल्या-गेल्याची, पाहुण्या-रावळ्याची, भुता-खेताची... आणि मग मनातल्या मनात, पण अगदी ठासून म्हटलं: आणि त्या नवसाबाईची. तिचं जे काही याला लागलं असेल, ते निघून जावो, जळून खाक होवो. माझ्या लेकराचं नाही ते याच्या अंगात काही म्हणजे काही उरू नये.

मूठ निखाऱ्यांवर टाकली. मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या पडल्या, आणि ठसका? एवढासाही नाही. एवढ्या मिरच्या जळाल्या आणि कुणाला साधी शिंक आली नाही. म्हणजे केवढी जबरदस्त दृष्ट होती बघा! दारात उभ्या नवसाबाईचे डोळे मात्र का कोण जाणे घळाघळा वाहत होते.

तो पाटावर ताठ बसला होता. अंगावर एकदम काटा आला त्याच्या, आणि मग एकदम शांत झाला. हात लावून पाहिलं, ताप उतरलेला.

३० नोव्हेंबर, रविवार

देव पावला! काय सांगू, पोरगं पूर्ववत झालं. सकाळी खुर्ची मागितली. नागलीच्या भाकरीला नाक मुरडलं. मम्मे, पोहे कर म्हणाला. हाक मारली की पहिल्या हाकेला ओ. डोंगराकडे बघणं नाही, चुलीकडे बघणं नाही. दिवसभर माझ्याकडेच बघतो. हातसुद्धा मऊ झालेत. यांना फोन करून सांगणार होते, घट्टे गेले म्हणून. पण भांडण झालंय, म्हणून राहिलं.

नवसाबाईने मध आणून दिला, तर तिच्याकडे बघितलंही नाही. मला हसू आलं. आज मी पोटभर जेवले, ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

३ डिसेंबर, बुधवार

काहीतरी चुकतंय. लिहावं की नाही कळत नाही, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

तो बोलतो ते सगळं मी पूर्वी ऐकलेलं आहे. शब्द न् शब्द. पहिल्यांदा लक्षात आलं नाही, कारण ऐकायला फार गोड वाटत होतं. दहावीच्या निकालाचा किस्सा तोच, हसण्याच्या जागा त्याच. काल विचारलं, कंपनीत तुझं कुणाशी जास्त जमायचं रे? गप्प. अंजनेरीला काय काय बघितलंस? गप्प. मग शेवटी, जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं ते विचारलं. हर्षल, त्या दिवशी काय झालं? खूप दुखलं का? माझी आठवण आली का तुला?

"मला काय माहीत मम्मे?" त्याच आवाजात, तसाच लाडात म्हणाला. "तुला माहीत नाही ना?"

त्याच्या कानामागे तीळ होता. उजव्या की डाव्या, ते मला नीट आठवेना. म्हणून केस बाजूला करून बघायला गेले. दोन्हीकडे काही नाही. माझ्या आठवणीतून जो गेला, तो याच्या अंगावरूनही गेला होता.

मी त्याला म्हटलं, बस. तो बसला. मग दोन तास मी काहीच बोलले नाही. तो दोन तास तसाच बसून होता, पापणीही न हलवता.

४ डिसेंबर, गुरुवार

कारभारीला बोलावून आणलं. त्याने हर्षलची हनुवटी वर केली, डोळ्यांत बघितलं, मग छातीवर हात ठेवला. हात तसाच ठेवून माझ्याकडे वळला. "काय केलंत ताई?"

मी दृष्टीचं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं, तेही सांगितलं. तो मटकन खालीच बसला.

"ताई, सोंग शिल्लक हाय. घेणारा गेला. तुमच्या लेकराचं नाय ते जळू द्या म्हणालात. तुमच्या लेकराचं व्हतं काय त्यात? वरचं कातडं तेवढं. बाकी सगळा मंगळू व्हता."

"कोण मंगळू?"

"नवसाबाईचा. एकुलता."

मी म्हटलं, मग ती बोलली का नाही? एवढे दिवस तोंड शिवून का बसली? तर म्हणे, सोंग चढलेलं असताना घरच्यांनी मागणाऱ्याला नाव सांगायचं नसतं, नाहीतर सोंग कायमचं चिकटतं. म्हणून ती फक्त दमलाय, दमलाय म्हणत होती. तेवढंच तिला म्हणता येत होतं.

आता मी "उतर" म्हटलं तर काय होईल, विचारलं. कारभारी म्हणाला, "कपडे पडतील खाली. मोकळे."

यांनी सांगितलं होतं मला. हा कोणाचा तरी आहे. आणि मलाही कळत होतं, खोटं कशाला लिहू. भाकरी, पोळं, "आई, मध", सगळं कळत होतं. कळून घ्यायचं नव्हतं. माझ्या मुलाचा चेहरा मला कुणी पाहू दिला नाही म्हणून मी जगावर रागावले होते, आणि एका आईच्या हातून मिरच्या घेऊन तिच्या डोळ्यांदेखत तिचं पोर जाळलं. तिच्याच चुलीच्या निखाऱ्यांवर.

"नवसाबाईला तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"माझ्याच्यानं नाय व्हायचं," कारभारी म्हणाला आणि फाटकापाशी त्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसला.

६ डिसेंबर, शनिवार

काल सांगणार होते. तिच्यासमोर जाऊन बसलेसुद्धा. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी लय घाबरले व्हते. पण तुमी दृष्ट काढली आन् ताप उतरला पोराचा. देव तुमचं भलं करो." मी उठून आले.

यांचा फोन आला होता. "येतेस का?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, नाही येत. का ते सांगितलं नाही. मी निघाले तर हा इथे त्या म्हाताऱ्यासारखा बसून राहील आणि ती उरलेलं आयुष्य माझी वाट बघेल. आणि निघायच्या आधी ते तीन शब्द म्हटले, तर तिच्यासमोर मोकळे कपडे पडतील. एक शर्ट, एक पँट. मला निदान जाळायला तरी काही मिळालं होतं.

माझा हर्षल नाही. तो ऑगस्टमध्येच गेला. तिचा मंगळूही नाही. मधे हे एक बसलंय खुर्चीवर, पोहे मागतंय. मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. एवढ्या हौसेने मागून घेतलेलं तोंड!

९ डिसेंबर, मंगळवार

आज दुपारी नवसाबाई आपण होऊन आली. हातात ताट, नागलीची भाकरी, वर लसणाची चटणी. मला म्हणाली, "बाई, तुमच्यावर माझा राग नाय. तुमी म्हणाल तवा म्हणा. आई हाय मी पण, एवढं नाय का समजत? आत तो बरा हाय ना, एवढं मला पुरे." मग स्वतःच दचकली, आई म्हणून गेली म्हणून. मी म्हटलं, मला माहीत आहे नवसाबाई. कारभारींनी सांगितलं. काही होत नाही त्याने आता.

तिचा चेहरा असा उजळला की मला भिंतीकडे बघावं लागलं. नाव घेता येतं म्हटल्यावर तिला राहवेना. खुर्चीपाशी जमिनीवर बसून त्याला हाका मारायला लागली. मंगळू, ए मंगळू, बघ रं, चटणी आणलीय. घास करून त्याच्या तोंडापाशी धरला. तो समोर बघत बसला होता. तिने परत हाक मारली. घास तसाच धरलेला.

मी त्याच्या मागे उभी होते. हळूच म्हटलं, "घे रे."

त्याने तोंड उघडलं आणि घास घेतला. नवसाबाईने दुसरा घास केला. मी म्हटलं, घे. तो घेतला. सगळी भाकरी अशीच संपली. घास तिचा आणि शब्द माझा. ती एवढी रंगून गेली होती की माझा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता, किंवा पोचत असूनही तिने पोचू दिला नाही. मला दुसरं खरं वाटतं, कारण मीही तेच केलं होतं.

पदराने त्याचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून हसली. "बघा बाई," म्हणाली, "माझ्या हातची चव इसरला नाय."

मी म्हटलं, "कसा विसरेल?"

संध्याकाळी परत येते म्हणाली, भाकरी घेऊन.